शेजारी कोण बसतो?

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या बोर्ली पंचतनात परदेशातून येणाऱ्या फोनांचा हंगाम सुरू होतो. आंबा उतरणीला लागलेला असतो, छपरांवरची कौले चाळून झालेली असतात, सुपारीच्या वाड्या पहिल्या पावसाची वाट पाहत असतात, आणि अशा वेळी दुबईहून, कुवेतहून, कधी दोह्याहून कुणा विद्यार्थ्याचा बाप विचारतो, "सर, पुढच्या आठवड्यात येतोय. पोरासाठी शाळेचं काय काय आणू?"

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही पुष्कळ वर्षे मला साधेच वाटत आले. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, रेनकोट. यादी सांगून फोन ठेवला की माझे काम संपले. अलीकडे मात्र हे उत्तर देताना जीभ थोडी अडखळते. का अडखळते, तेच आज सांगणार आहे. वाचकांपैकी पुष्कळ जण नुकतीच आकाशकंदील, कपडे आणि उटणे यांची खरेदी आटोपून टेकले असतील. ऐन दिवाळीत त्यांना खरेदीवर प्रवचन द्यावे, इतका मी दुष्ट नाही. मला फक्त एक शंका विचारायची आहे. आपल्या मुलासाठी चांगली वस्तू घेणे यात काही चुकते का? आणि चुकत नसेल, तर ती वस्तू हातात घेतलेल्या मुलाकडे पाहताना माझ्या मनात काहीतरी का टोचते?

श्रीवर्धन-म्हसळ्याच्या या पट्ट्यात परदेशाची नोकरी ही नवलाची गोष्ट नव्हे. जमीन थोडी आणि समोर समुद्र. आमचे पूर्वज आधी मुंबईला गेले, मग कुणी बोटीवर गेले, मग आखाती देशांत. आखात तर आम्हाला फार परकेही नव्हते. 1959 पासून आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेल्या रुपयाच्या नोटा तिकडे चालत. दुबईकडच्या भागात हा रुपया 1966 पर्यंत चलनात होता. म्हणजे एके काळी बोर्लीचा माणूस दुबईच्या बाजारात रुपयांत पेन्सिल विकत घेऊ शकत होता. आज तो दिरहमात घेतो आणि मनातल्या मनात रुपयांत भाषांतर करतो, एवढाच फरक.

मीही त्या वाटेने गेलो होतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. 2006 ते 2011 अशी पाच वर्षे मी दुबईत एका गोदामात नोंदी ठेवण्याचे काम केले. देऱ्यातल्या एका खोलीत आम्ही आठ जण राहत होतो. त्यांत आमच्याच तालुक्यातले तिघे. त्यांतल्या वयस्कर चाचांना सगळे 'खरेदीखाते' म्हणत, कारण कुणालाही घरी काही पाठवायचे असले की चाचा बरोबर हवेतच. शुक्रवारी दुपारी आम्ही एका दिरहमात अब्र्यात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत बसून खाडीपलीकडे बर दुबईला जात असू. होडीत बसले की मला दिघीची जेट्टी आठवे. पण तो निराळा विषय झाला.

माझा मुलगा 2009 च्या जूनमध्ये पहिलीत जाणार होता. त्याची शाळेची खरेदी मी 2008 च्या ऑगस्टात केली. हसू नका, त्याला कारण होते. तिथल्या इंग्रजी शाळा त्या काळी सप्टेंबरात उघडत, त्यामुळे ऑगस्टात दुकाने दप्तरांनी ओसंडत आणि भाव उतरत. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलात भरतात आणि आमची बोर्लीची शाळा जूनमध्ये. तेव्हा एका दिरहमाचे अकरा-बारा रुपये होत. ज्याला पैसा वाचवायचा, त्याने दहा महिने आधी खरेदी करावी, हा चाचांचा सिद्धान्त.

बायकोने बुटांसाठी माप पाठवले होते. वहीच्या पानावर मुलाचा पाय ठेवून तिने भोवती पेन्सिल फिरवली होती, आणि तो कागद गावाहून येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर पाठवला होता. मी तो घडी घालून पाकिटात ठेवला होता. रात्री खोलीत सगळे झोपले की कधी कधी उघडून पाही. अंगठा थोडा बाहेर वळलेला, अगदी माझ्या वडिलांसारखा. दुकानात मी तो कागद बुटात सरकवू लागलो, तेव्हा दुकानदाराने तो माझ्या हातातून घेतला. माणूस केरळचा होता. त्याने कागद उजेडात धरला आणि हिंदीत विचारले, "हे पाऊल किती महिन्यांपूर्वीचे आहे?"

मी काहीच बोललो नाही. पाऊल पाच महिन्यांपूर्वीचे होते. शाळा दहा महिन्यांनी उघडणार होती. त्याने अंदाजाने दोन बोटे मोठा जोड काढून दिला. त्याच्या गल्ल्यातही असाच एखादा कागद असणार, असे मला उगाच वाटले. जूनमध्ये ते बूट मुलाच्या पायात शिरले नाहीत. फडताळात वरच्या कप्प्यात ते खोक्यासकट तसेच पडून राहिले.

परदेशात राहणारा बाप खरेदी करतो ती नेहमी मागे राहिलेल्या मुलासाठी. घरी असलेल्या मुलासाठी नव्हे. मूल तिकडे वाढत असते आणि बाप त्याच्या जुन्या मापाला धरून बसलेला असतो. हे अंतर भरून काढायला त्याच्याजवळ एकच साधन असते, ते म्हणजे वस्तू. म्हणून तो साधी कंपासपेटी घेत नाही. चुंबकाने बंद होणारी घेतो. जिचे बटण दाबले की शार्पनर बाहेर उडतो, अशी घेतो. ती पेटी म्हणजे त्याचे न पाठवलेले पत्र असते. एखाद्या बापाने असे पत्र धाडले, तर त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी तसली दोन धाडली आहेत.

त्या खरेदीत एक गंमत झाली. पेन्सिलींच्या कप्प्यात मी 'परदेशी' पेन्सिल शोधत होतो, आणि हाताला लागली ती लाल-काळ्या पट्ट्यांची आपली नटराज. हिंदुस्थान पेन्सिल्स ही कंपनी 1958 साली निघाली. आज तिचा माल देशोदेशी जातो. आपल्याकडच्या पेन्सिलींचे लाकूड पुष्कळदा काश्मीरचे, पॉप्लर झाडाचे असते. पुलवामा जिल्ह्यातले उखू हे गाव तर पेन्सिलीच्या लाकडी पट्ट्यांसाठीच ओळखले जाते. म्हणजे काश्मीरचे झाड दुबईच्या दुकानात येऊन उभे होते, आणि मी ते कोकणात नेणार होतो. चाचा म्हणाले, "घे. पेन्सिल आपलीच, पण आता विमानातून आली म्हणून पोराला गोड लागेल."

सामान घरी पोचल्यावर मी फोन केला. फोनकार्डावर मिनिटे मोजकी असत. मुलगा आनंदाने ओरडत होता. शेवटचे मिनिट उरले, तेव्हा मी बापाच्या अधिकाराने त्याला बजावले, "जपून वापर हं. कुणाला देऊ नकोस."

हे वाक्य लक्षात ठेवावे, अशी वाचकांना विनंती आहे. मी मात्र ते विसरून गेलो.

2011 साली मी परत आलो. काही दिवसांनी एका छोट्या शाळेत मला लहान मुलांचा वर्ग मिळाला. दुपारी वर्ग आणि रात्री कादंबरीची पाने, असा माझा संसार सुरू झाला. दुबईच्या दुकानात उभे राहून मी ज्या पेट्या निवडल्या होत्या, तशा पेट्या आता मला बाकांवर उघडताना दिसू लागल्या. आणि तेव्हा कळले की दुकानातून पेटीची एकच बाजू दिसते.

दुसरी बाजू समजण्यासाठी आमच्या किनाऱ्यावरचा जून महिना समजून घ्यावा लागतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. यांत्रिक बोटींना जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीची बंदी असते; माशांच्या विणीचा काळ, समुद्रही खवळलेला. बोटी ओढून वर घेतलेल्या, त्यांवर झावळ्या आणि ताडपत्र्या टाकलेल्या. कोळीवाड्यात पैसा येतो तो ऑगस्टात बोटी पुन्हा पाण्यात गेल्यावर. म्हणजे वह्या, छत्री, दप्तर यांचा खर्च नेमका घरात पैसा नसतो त्या पंधरवड्यात येऊन उभा राहतो. पाठ्यपुस्तके सरकारकडून मिळतात, ही मोठी सोय झाली. पण पेन्सिल, रेनकोट आणि डबा घरचाच. दुबईचा बाप ऑगस्टात खरेदी करतो, कारण तेव्हा माल स्वस्त असतो. कोळीवाड्यातला बापही ऑगस्टातच करतो, कारण तेव्हा हाती पैसा येतो. त्याच्या मुलाची शाळा मात्र दोन महिने आधीच सुरू झालेली असते.

अशाच एका जुलैत माझ्या वर्गात खोडरबर हरवला. साधा नव्हे, मोटारीच्या आकाराचा, स्ट्रॉबेरीच्या वासाचा, कुवेतहून आलेला. ज्याचा हरवला तो रडू लागला. मी म्हणालो, "सगळ्यांनी दप्तरे उघडा."

सगळ्यांनी, असे मी म्हणालो खरे. पण माझे पाय सरळ एका मुलाकडे गेले. तो त्याच बाकावर बसत असे. समुद्राकाठच्या वाडीतून एसटीने येई. त्याचे दप्तर म्हणजे कापडदुकानाची एक जाड पिशवी. मी ती बाकावर उलटी केली. दोन वह्या, फडक्यात बांधलेली भाकरी आणि सुकट, आणि बोटाच्या पेराएवढी पेन्सिल. ती हातात धरता यावी म्हणून जुन्या पेनाच्या नळीत खोचलेली. खोडरबर नव्हता. सगळा वर्ग पाहत होता. त्या मुलाने एक एक वस्तू पुन्हा पिशवीत भरली. तो रडला नाही. मला वाटते, तो रडला असता तर मला बरे वाटले असते.

खोडरबर दुसऱ्या दिवशी सापडला. मालकाच्याच रेनकोटाच्या खिशात. आणि पिशवीवाला मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. बाप पडवीत जाळे विणत बसला होता. मी सगळे सांगितले आणि हात जोडले. त्याने सुई थांबवली, मला बसायला पाट दिला आणि आत पाहून म्हणाला, "सरांना च्या दे गो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माणूस हाय, चुकतंय." घरात दूध नव्हते, कोरा चहा होता. तो चहा माझ्या घशाखाली कसा उतरला, ते मला माहीत. पुढच्या सोमवारी मुलगा शाळेत आला. मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याचे नाव मी येथे छापत नाही. ते उघड करायला मी त्याची परवानगी विचारलेली नाही, आणि त्याची पिशवी एकदा चारचौघांत उघडली तेवढे पुरे.

त्या रात्री मी माझ्या मुलाला विचारले, "पहिलीत तुझ्या शेजारी कोण बसायचा रे?" तो तेव्हा सातवीत होता. त्याने चटकन नाव सांगितले आणि म्हणाला, "त्याच्याकडे पेन्सिल नसायची. माझं लिहून होईपर्यंत तो वाट बघायचा. मी दिली असती; पण तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना, कुणाला देऊ नकोस." मग थोड्या वेळाने, "पावसातपण तो अनवाणीच यायचा."

मी फडताळाकडे पाहिले. दोन बोटे मोठे घेतलेले आणि तरीही लहान पडलेले बूट अजून वरच्या कप्प्यात होते. दुबईच्या त्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूची किंमत मला पाठ होती. माझ्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे नाव मात्र मला सहा वर्षांनी कळले.

अशा वेळी मला एका मोठ्या माणसाची आठवण होते. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला सावित्रीची खाडी आहे. तिच्या पलीकडे मंडणगड तालुक्यात आंबडवे हे गाव आहे. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे ते मूळ गाव. परदेशी राहून शिक्षणाचे सामान विकत घेणाऱ्या मराठी माणसांत त्यांच्याइतकी खरेदी कुणी केली असेल, असे मला वाटत नाही. 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. 1917 साली परत येताना त्यांचे सामान ज्या बोटीने निघाले होते, ती युद्धात बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. या माणसाचे शाळेतले पहिले सामान काय होते? गोणपाटाचा एक तुकडा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतरांपासून वेगळे बसावे लागे आणि बसायचे ते गोणपाट रोज घरून न्यावे व आणावे लागे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांच्या शेजारी कुणी बसतच नव्हते. पुढे याच माणसाने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. तेथे वर्गात कुणाला वेगळे बसावे लागणार नव्हते. बुडालेल्या पुस्तकांत जे होते, ते बुडाले नव्हते.

आता माझ्या शंकेला जे आक्षेप येतील, ते मी स्वतःच घेऊन पाहिले आहेत.

पहिला आक्षेप असा की, बापाने पन्नास अंशांच्या उन्हाळ्यात घाम गाळून पैसा मिळवला. त्याने तो आपल्या मुलावर खर्च करू नये काय? जरूर करावा. ज्याने आठ जणांच्या खोलीत पाच वर्षे काढली आहेत, तो याला नाही म्हणणार नाही. दुसरा आक्षेप असा की, एका पेन्सिलीने गरिबी हटत नाही. हेही खरे. कोळीवाड्याचा जून काही माझ्या पेन्सिलीने ऑगस्ट होणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: दिल्याने घेणारा लाचार होतो. मी त्यावर पुष्कळ रात्री विचार केला आहे, कारण जो बाप मला कोरा चहा देताना लाजला नाही, त्याला माझ्या दोन पेन्सिलींनी लाजवण्याची माझी इच्छा नाही.

पण कपडे किंवा खेळणे आणि शाळेचे सामान यांत एक फरक आहे. खेळणे घरात राहते. शाळेचे सामान रोज सकाळी अशा खोलीत जाते, जिथे आपण सर्व मुलांना एकसारखा गणवेश घालून, एका रांगेत बसवून, तुम्ही सगळे सारखे, असे सांगितलेले असते. ते वचन आपण मोठ्या माणसांनी दिलेले आहे. पेटी चांगली असल्याने ते मोडत नाही. ते मोडते ते पेटीबरोबर पाठवलेल्या वाक्याने. "कुणाला देऊ नकोस" हे वाक्य मी फुकट पाठवले होते. पण साऱ्या खरेदीत महाग पडले ते तेच.

आणि केवळ दूर राहणाऱ्याची ही चूक, असेही नाही. दूरच्या बापाला शेजारचे मूल दिसत नाही, हे समजण्यासारखे आहे. माझ्यापासून तर ते चार हातांवर बसले होते. मी त्याला ओळखत होतो तो फक्त संशय घेण्यापुरता. समुद्र ओलांडला म्हणजेच माणूस परदेशी होतो असे नाही. एकाच बाकावर दोन परदेश बसलेले मी रोज पाहतो.

म्हणून आता कुणी विचारले, "सर, काय आणू?" तर मी यादी सांगतोच, पण शेवटी म्हणतो, "त्याला एकदा विचारा, तुझ्या शेजारी कोण बसतो?" एवढेच. शेजारच्या मुलासाठी काही आणा, असे मी सांगत नाही. ज्याला त्याला आपापली ऐपत आणि आपापले मन माहीत असते. नाव कळले की पुढचे माणसाला आपोआप सुचते, असा माझा विश्वास आहे. निदान "कुणाला देऊ नकोस" हे वाक्य मग तोंडातून सहजासहजी निघत नाही.

हा उपाय नेहमीच शहाणपणाने अमलात येतो, असे मात्र समजू नका. एका वर्षी एका बापाने उत्साहाच्या भरात सगळ्या वर्गासाठी पन्नास शार्पनर आणले. पेन्सिली आणायचे त्याला सुचले नाही! पुढचे आठ दिवस वर्गात करकर आवाजाशिवाय दुसरे काही ऐकू येत नव्हते. मुलांनी टोके काढता काढता असतील तेवढ्या पेन्सिली संपवल्या. बाजारपेठेतल्या आमच्या वहीवाल्याने मला रस्त्यात गाठून विचारले, "सर, यंदा पोरं पेन्सिली खातात की काय?" पण त्या आठवड्यात पेन्सिलीचे तुकडे या बाकावरून त्या बाकावर इतके फिरले, की कोणता कुणाचा हे अखेर कुणालाच सांगता येईना. मला तो आठवडा फार आवडला.

लाचारीच्या आक्षेपाचे उत्तर मला पुस्तकांत सापडले नाही. ते आमच्या आळीत सापडले. दिवाळीच्या सकाळी आमच्या घरातून फराळाची ताटे निघतात. एक वरच्या आळीत जाते, एक पलीकडे मोहल्ल्यात चाचांच्या घरी. चाचा आता दुबई सोडून कायमचे घरी आले आहेत. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचे भांडे येते. ताट रिकामे परत करू नये, म्हणून कुणी त्यात साखर घालते, कुणी चार सुपाऱ्या. यात कुणी दाता नसतो, कुणी याचक नसतो. आपल्याकडे चकली अधिक झाली म्हणून शेजारी पाठवली, असे कुणी मानत नाही. शेजारी आहे म्हणून चार चकल्या अधिक तळायच्या असतात. एवढी मोठी रीत आपल्या आयांनी आपल्याला न बोलता शिकवली. ती उंबरठ्यापासून शेजारच्या दारापर्यंत पोचली. शाळेच्या बाकापर्यंत ती न्यायची राहून गेली आहे.

ते बूट मी त्या रात्रीनंतर खाली काढले. तोवर तळ कडक होऊन चिरले होते. कुणाला देण्यासारखे राहिले नव्हते. आत माझ्या बायकोने काढलेले ते पाऊल तसेच होते. कागद पिवळा पडला आहे. तो मी आता वर्गातल्या हजेरीपटात ठेवतो. जून महिन्यात नवी मुले येतात, त्यांची नावे लिहून झाली की मी एक रेघ ओढतो आणि प्रत्येक नावासमोर त्याच्या शेजारी बसणाऱ्याचे नाव लिहितो. शाळेच्या नियमांत हा रकाना कुठे नाही. साहेबांनी विचारले तर काय सांगायचे, ते मी अजून ठरवलेले नाही.